पडक्या घरांचे अतिथिगृह

ज्या घरात माणूस नांदत नाही ते घर फार दिवस टिकत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. वरवर पाहता याचे नवल वाटते. माणसांच्या वावराने उंबरे झिजतात, दारे कुरकुरू लागतात, भिंती मळतात. मग कुलूप लावून ठेवलेले घर अधिक काळ टिकावयास नको काय? पण घडते ते उलटेच. नांदत्या घराचे एखादे कौल सरकले, तर पहिल्याच पावसात ते घरच्या माणसांच्या ध्यानात येते आणि दुसऱ्या दिवशी ते जागेवर बसविले जाते. ओस घराचे सरकलेले कौल तसेच राहते. त्यातून पाणी झिरपते, वासा कुजतो, वासा मोडला म्हणजे छप्पर खचते आणि छप्पर गेले की उघड्या पडलेल्या भिंती दर पावसाळ्यात थोड्या थोड्या ढासळू लागतात. एका कौलाची हयगय अशी सबंध घराच्या मुळावर येते.

एके काळी देखणी असलेली अशी पडकी वास्तू एखाद्या खेड्यात दृष्टीस पडली म्हणजे काहींच्या मनात एक स्वप्न जागे होते. ही वास्तू विकत घ्यावी, तिची डागडुजी करावी, तिच्या खोल्यांतून पुन्हा दिवे लावावेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांसाठी तेथे एक लहानसे अतिथिगृह चालवावे, असे त्यांना वाटू लागते. हे स्वप्न मोठे गोड आहे. परंतु ते खरे करावयाचे तर काय काय करावे लागते, आणि ते खरे झाल्यावरही कोणते प्रश्न शिल्लक राहतात, याची कल्पना स्वप्न पाहताना क्वचितच असते. या दृष्टीने इटली देशातील एका डोंगरी गावाची हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

या गावाचे नाव सान्तो स्तेफानो दि सेसानियो. इटलीच्या मध्यभागी आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील ग्रान सासो या उंच पर्वताच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,250 मीटर उंचीवर, हे गाव एका टेकडीला बिलगून बसले आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते आणि वारा अंगाला झोंबतो. म्हणून गावातील घरे एकमेकांना अगदी खेटून बांधलेली आहेत. सर्व बांधकाम त्याच डोंगरातील चुनखडीच्या दगडाचे. गल्ल्या अरुंद, काही ठिकाणी तर गल्लीवरच कमान टाकून वर खोली काढलेली, त्यामुळे वाट जणू घराच्या पोटातून जाते. गावाला वेगळा तट असा नाही. कडेच्या घरांच्या सलग भिंती हाच त्याचा तट. गावाच्या मध्यभागी एक गोल मध्ययुगीन बुरूज उभा असून त्यावरून सभोवारची डोंगराळ माळराने दूरवर दिसतात.

आज एकाकी वाटणारे हे गाव पूर्वी व्यापाराने गजबजलेले होते. त्याचे वैभव मेंढरांच्या पाठीवर उभे होते. उन्हाळ्यात डोंगरावर गवत भरपूर असे. पण हिवाळा आला की कुरणे बर्फाखाली जात. मग मेंढपाळ आपले कळप घेऊन दक्षिणेकडील पुलिया प्रांताच्या उबदार मैदानात उतरत आणि वसंत ऋतूत पुन्हा डोंगरावर परतत. पावसाळा सरल्यावर महाराष्ट्रातील धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, त्यासारखाच हा क्रम होता. लाक्विला या शहरापासून फोज्जापर्यंत जाणारा त्यांचा मुख्य मार्ग सुमारे 244 किलोमीटर लांबीचा होता, आणि कळपांना चालता चालता चरता यावे म्हणून त्याची रुंदी 111 मीटर ठेवलेली होती. मेंढपाळांच्या या ऋतुमानानुसार होणाऱ्या स्थलांतराची नोंद युनेस्कोने 2019 साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

या भागातील मेंढरांची काळसर लोकर टिकाऊ म्हणून प्रसिद्ध होती. साधूंची वस्त्रे आणि सैनिकांचे गणवेश यांसाठी तिचा उपयोग होई. फ्लॉरेन्सच्या सुप्रसिद्ध मेदिची घराण्याने 1579 साली हे गाव विकत घेतले, ते या लोकरीच्या व्यापारासाठीच. 1743 पर्यंत ते त्या घराण्याच्या ताब्यात राहिले. गावाच्या वेशीवर मेदिचींचे राजचिन्ह दगडात कोरलेले आजही दिसते.

पुढे काळ पालटला. लोकरीचा व्यापार घटला. 1861 साली इटली एक राष्ट्र झाल्यानंतर दक्षिणेतील कुरणांची जमीन नांगराखाली येऊ लागली आणि कळपांचा हिवाळी आसरा आकसला. डोंगरावरची शेती सर्वांचे पोट भरण्यास अपुरी होती. तरुण माणसे कामाच्या शोधात बाहेर पडली. कोणी मोठ्या शहरांत गेले, तर कोणी समुद्र ओलांडून अमेरिकेची वाट धरली. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या गावात हजाराहून अधिक माणसे राहत होती, तेथे त्या शतकाच्या अखेरीस जेमतेम शंभर-सव्वाशे माणसे उरली. जाणाऱ्यांनी दारांना कुलपे लावली ती परत येण्याच्या आशेने. पण बहुतेक कुलपे पुन्हा उघडली गेलीच नाहीत. एकामागून एक छपरे बसू लागली.

या दुर्दैवातून एक गोष्ट मात्र अशी घडली की जी कोणी हेतुपुरस्सर घडविली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत सर्वत्र झपाट्याने नवी बांधकामे झाली. जुन्या दगडी गावांच्या मधोमध काँक्रीटच्या इमारती उठल्या. सान्तो स्तेफानोत मात्र नवी इमारत बांधण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता आणि तिच्यात राहावयास माणसेही नव्हती. त्यामुळे गाव पडके झाले. पण त्याचे रूप बिघडले नाही. दारिद्र्याने जे ओस पाडले, तेच दारिद्र्याने जसेच्या तसे जपूनही ठेवले.

याच सुमारास इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात एका निराळ्या संकटातून एक नवी कल्पना जन्माला आली. 6 मे 1976 रोजी फ्रिउली प्रांतात मोठा भूकंप झाला. सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेक गावे उद्ध्वस्त झाली. पुढील काही वर्षांत घरांची दुरुस्ती झाली, पण त्यांतील कित्येक घरांत राहावयास कोणी उरले नव्हते. या रिकाम्या घरांचे करावयाचे काय? प्रवाशांना ती राहावयास द्यावीत, असा विचार पुढे आला. आणि 1982 च्या सुमारास त्या प्रांतातील कोमेलियान्स या गावी ‘आल्बेर्गो दिफ्फुसो’ हा शब्द प्रथम वापरात आला. त्याचा अर्थ ‘विखुरलेले अतिथिगृह’. जान्कार्लो दाल्लारा या अभ्यासकाने ही कल्पना विकसित करून तिचा प्रसार केला. 1998 साली सार्डिनिया बेटाच्या शासनाने अशा अतिथिगृहांना कायद्याने मान्यता दिली, आणि पुढे इटलीच्या इतर प्रांतांनीही तसे नियम केले.

ही कल्पना नेमकी काय आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. नेहमीचे हॉटेल म्हणजे एक उभी इमारत. तळमजल्यावर स्वागतकक्ष व भोजनगृह, आणि वर एकावर एक खोल्यांचे मजले. विखुरलेल्या अतिथिगृहात हे मजले जणू जमिनीवर पसरून ठेवलेले असतात. स्वागतकक्ष एका घरात, भोजनगृह दुसऱ्या गल्लीत आणि निजण्याच्या खोल्या गावभर निरनिराळ्या जुन्या घरांत. खोलीतून जेवावयास जाताना पाहुण्याला गावातूनच जावे लागते. वाटेत त्याला दारात बसलेली आजीबाई भेटते, मंदिराची घंटा ऐकू येते, भट्टीतून निघालेल्या पावाचा वास येतो. हॉटेलमधील प्रवासी आपल्या खोलीत उतरतो. हा प्रवासी गावात उतरतो. शिवाय यासाठी एकही नवी इमारत उभारावी लागत नाही. जे आहे तेच सावरावयाचे असते.

सान्तो स्तेफानोला ही कल्पना लाभली ती दानिएले किलग्रेन नावाच्या एका माणसामुळे. त्याचे वडील स्वीडिश आणि आई इटालियन. 1999 साली मोटारसायकलवरून फिरत असताना तो या गावी येऊन पोहोचला. दगडी गल्ल्या, बसलेली छपरे आणि भोवतालचे मोकळे डोंगर पाहून त्याच्या मनाने हे गाव सावरण्याचा ध्यास घेतला. गंमत अशी की, त्याच्या कुटुंबाची संपत्ती सिमेंटच्या व्यवसायातून आलेली होती. ज्या सिमेंटने इटलीतील कितीतरी जुन्या गावांचा चेहरा बदलला, त्याच सिमेंटचा पैसा आता एका गावाचा चेहरा जपण्याच्या कामी येणार होता.

अशा कामात पहिली अडचण दगड-चुन्याची नसून मालकीची असते. घर सोडून गेलेल्या माणसाला मुले होतात, त्या मुलांना मुले होतात आणि एकेका लहानशा खोलीचे अनेक वारस देशोदेशी पांगलेले असतात. त्या सर्वांची संमती मिळाल्याखेरीज घराला हात लावता येत नाही. चिकाटीने हे काम करीत किलग्रेनने गावातील अनेक ओस घरे विकत घेतली. तरीही तेवढ्याने भागणारे नव्हते. आपण दहा घरे जुन्या पद्धतीने सावरावीत आणि शेजारच्या मोकळ्या जागेत कोणी चार मजली इमारत उभी करावी, तर सगळा खटाटोप व्यर्थ. म्हणून गावाच्या नगरपालिकेशी त्याने समझोता केला. त्याने गावात पैसा गुंतवावा आणि गावाने आपल्या भोवतीच्या माळावर नवी बांधकामे होऊ देऊ नयेत, असे त्याचे स्वरूप होते. एका घराचे सौंदर्य त्याच्या चार भिंतींत मावत नाही. शेजार आणि शिवार हेही त्याचेच भाग असतात, ही जाणीव या समझोत्यामागे होती.

यानंतरचा टप्पा अभ्यासाचा. एखादी वास्तू दुरुस्त करावयाची म्हणजे ती नवी करावयाची, असा अनेकांचा समज असतो. किलग्रेन आणि त्याचे वास्तुविशारद यांनी उलट क्रम धरला. घर पूर्वी कसे होते, त्यात माणसे कशी राहत, कोठे निजत, धान्य कोठे साठवीत, कोणत्या खोलीत जनावरे बांधीत, हे त्यांनी आधी जाणून घेतले. पेस्कारा शहरातील लोकजीवनाच्या संग्रहालयातील अभ्यासकांनी त्यांना साहाय्य केले. गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे यांवरून खाटांची उंची, पेट्यांची घडण, पांघरुणांचे विणकाम यांची माहिती जमविण्यात आली. मग हातमागावर लोकरीची पांघरुणे विणून घेतली गेली आणि वनस्पतींच्या रंगांत ती रंगविण्यात आली.

प्रत्यक्ष बांधकामात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता तो दगड सांधावयाचे कशाने, हा. या ठिकाणी चुन्याचा गुणधर्म समजून घेणे अगत्याचे आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअस उष्णतेत भाजला म्हणजे त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. या चुन्यावर पाणी घातले की तो खदखदतो, प्रचंड तापतो आणि शेवटी त्याचा मऊ लगदा होतो. यालाच चुना विरवणे म्हणतात. विरवलेल्या चुन्यात वाळू मिसळून दोन दगडांच्या मध्ये भरले असता तो हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घेऊ लागतो. भट्टीत गमावलेला वायू त्याला असा परत मिळतो आणि हळूहळू त्याचा पुन्हा चुनखडीचा दगडच बनतो. दगडापासून चुना आणि चुन्यापासून दगड असे हे एक पूर्ण चक्र आहे.

चुन्याचा सांधा दगडापेक्षा नरम असतो आणि त्यातून ओल आरपार जाऊ शकते. जमिनीतून भिंतीत चढलेले पाणी त्या सांध्यांवाटे बाहेर पडून वाळून जाते. भिंत किंचित हलली किंवा खचली, तर नरम चुना थोडेफार सांभाळून घेतो. सिमेंट याहून अगदी निराळे. ते लवकर घट्ट होते आणि फार कठीण होते. नव्या इमारतीत हे गुणच असतात. परंतु जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडून राहते. हिवाळ्यात ती गोठली म्हणजे फुगते आणि दगडांचे पोपडे निघू लागतात. सांधा दगडापेक्षा कठीण झाल्यामुळे भिंत हलली की सांध्याऐवजी दगडच तडकतो. म्हणजे जे मजबुतीसाठी घातले, तेच घाताला कारण होते. यात सिमेंटचा दोष नाही. ज्याची प्रकृती भिन्न त्याची संगत बांधून दिली, हा दोष आहे.

घरांच्या दुरुस्तीत शक्य तेथे जुने दगड आणि त्या प्रदेशातील जुने लाकूडच पुन्हा वापरण्यात आले. खिडक्या लहान होत्या त्या लहानच राहिल्या. शतकानुशतके चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीही पांढऱ्या केल्या नाहीत. येथे माणसे राहून गेली, याची ती खूण होती. तरीही पाहुण्यांना थंडीत कुडकुडत ठेवून चालणार नव्हते. म्हणून फरसबंदीच्या खाली उष्णता देणाऱ्या नळ्या बसविल्या, विजेच्या तारा नजरेआड केल्या आणि स्वच्छ न्हाणीघरे केली. खोल्यांतून दूरदर्शन संच मात्र ठेवले नाहीत. 2005 च्या सुमारास हे अतिथिगृह सुरू झाले, आणि जेथे पूर्वी वाट चुकलेला प्रवासीच येई, तेथे देशोदेशींचे लोक मुद्दाम येऊ लागले.

या कामाची कठोर परीक्षा लवकरच झाली. 6 एप्रिल 2009 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास लाक्विला शहर आणि त्याचा परिसर भूकंपाने हादरला. त्या आपत्तीत तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. सान्तो स्तेफानोतील मध्ययुगीन बुरूज, ज्याने शतकानुशतके गावावर पहारा केला होता, तो त्या पहाटे कोसळला. विसाव्या शतकात या बुरुजाची दुरुस्ती करताना त्याच्या माथ्यावर काँक्रीटचे जड बांधकाम करण्यात आले होते, आणि त्या भाराने जुन्या दगडी भिंतींचा घात केला, असे मानले जाते. याउलट, ज्या घरांची दुरुस्ती त्यांच्या मूळ प्रकृतीला धरून आणि भूकंपाचा विचार करून झाली होती, त्यांचे फारसे नुकसान झाले नाही. पुढे तो बुरूजही पुन्हा उभारण्यात आला. पण एक गोष्ट सर्वांना दिसून आली. जुन्या वास्तूवर केवळ प्रेम करून भागत नाही. तिच्या अंगात कोणते बळ आहे आणि कोणते नाही, हेही जाणावे लागते.

येथवरची हकीकत यशाची आहे. परंतु अशा कामाला दुसरीही एक बाजू असते, आणि ती मातेरा या गावी अधिक स्पष्ट दिसते. दक्षिण इटलीतील या गावात डोंगराच्या कड्यात कोरलेली गुहाघरे आहेत. त्यांना ‘सास्सी’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हजारो गरीब कुटुंबे तेथे राहत होती. एकाच अंधाऱ्या, ओलसर गुहेत आईबाप, मुले, कोंबड्या आणि गाढव असा सगळा संसार असे. रोगराई पाचवीला पुजलेली. लहान मुले फार दगावत. ही अवस्था देशाला लाजिरवाणी वाटून 1952 साली शासनाने कायदा केला आणि सुमारे पंधरा हजार माणसांना तेथून हलवून नव्या वस्त्यांत घरे दिली. गुहा ओस पडल्या. पुढे लोकांची दृष्टी बदलली. 1993 साली युनेस्कोने सास्सींचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. 2009 साली किलग्रेननेच तेथील काही गुहा सावरून दुसरे अतिथिगृह सुरू केले. ज्या गुहांतून माणसांना बाहेर काढावे लागले, त्याच गुहांत राहण्यासाठी आता दूरदूरचे प्रवासी पैसे मोजून येतात.

या गोष्टीचा थोडा विचार केला पाहिजे. काजळलेली भिंत पाहुण्याला सुंदर वाटते. पण ज्या गृहिणीने त्या चुलीपाशी आयुष्य काढले, तिच्या डोळ्यांतून त्याच धुराने पाणी वाहिले होते. हातमागावरचे जाडेभरडे पांघरूण आज मोलाचे वाटते. मेंढपाळाजवळ मात्र दुसरे पांघरूणच नव्हते. अशा अतिथिगृहातील एका रात्रीचे भाडे सामान्य कष्टकऱ्याला सहज परवडण्यासारखे नसते. म्हणून जुनी घरे जपताना त्यांत राहून गेलेल्यांचे कष्ट विसरून केवळ त्यांच्या शोभेचे कौतुक करणे, हे अर्धवट ज्ञान होय. वास्तू जपावयाची ती गरिबी शोभिवंत होती म्हणून नव्हे. गरिबीतही ज्या हातांनी दगडावर दगड असा नेमका बसविला की शतकानुशतके तो हलला नाही, त्या हातांचा मान राखावा म्हणून ती जपावयाची.

दुसरा प्रश्न याहूनही अवघड आहे. घरे जगली, म्हणजे गावही जगले काय? अतिथिगृहामुळे सान्तो स्तेफानोत काम निर्माण झाले. खोल्यांची व्यवस्था, स्वयंपाक, विणकाम यांसाठी माणसे लागू लागली. त्या डोंगरावर पिकणारी बारीक, गडद रंगाची मसूर आपल्या चवीसाठी नावाजलेली आहे. ती विकत घ्यावयास गिऱ्हाईक दारी येऊ लागले. हे सारे खरे. तरीदेखील 2020 साली गावातील वस्ती 115 होती. त्यांतील 41 जण पासष्ट वर्षांवरील होते आणि वीस वर्षांखालील मुले अवघी 13. म्हणून त्या वर्षी गावाच्या नगरपालिकेने एक योजना जाहीर केली. इटलीतील जे चाळीस वर्षांखालील लोक येथे येऊन किमान पाच वर्षे राहतील आणि एखादा उद्योग सुरू करतील, त्यांना तीन वर्षे दरसाल 8,000 युरोपर्यंत साहाय्य आणि उद्योगासाठी 20,000 युरोपर्यंत अनुदान देण्याचे तिने ठरविले. अतिथिगृहाने गावात पाहुणे आणले होते. आता गावाला हवी होती ती घरची माणसे. ज्या गावात शाळेच्या घंटेला ओ देणारी मुले नाहीत, ते गाव पाहुण्यांनी कितीही गजबजले तरी त्याची संध्याकाळ टळत नाही.

असे असले, तरी अतिथिगृहाचे काम कमी मोलाचे ठरत नाही. त्याने एक दार उघडे ठेवले आहे. छपरे बसून गेली असती, तर नव्या बिऱ्हाडांना बोलावण्यासारखे तेथे काही उरलेच नसते. भिंती उभ्या आहेत म्हणून तर त्यांत पुन्हा संसार मांडण्याची भाषा करता येते. पडके घर आणि नांदते घर यांच्या मधली ती एक पायरी आहे. पायरीवर कोणी कायमचे राहत नाही. पण तिच्यावाचून वरही जाता येत नाही.

खेड्यातील जुनी वास्तू सावरून तेथे अतिथिगृह काढण्याचे स्वप्न ज्याला पडत असेल, त्याने म्हणून काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ही वास्तू कशाची बनलेली आहे, आणि तिला काय मानवते? ती बांधणाऱ्यांची विद्या जाणणारे गवंडी, सुतार आणि पाथरवट अजून आहेत काय? तिच्या शेजाऱ्यांना हे काम हवे आहे काय, आणि त्यातून त्यांच्या पदरात काय पडणार आहे? जो पाहुणा येईल तो गावाला ओळखून जाईल, की केवळ त्याचे छायाचित्र घेऊन जाईल? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता कदाचित स्वप्नाचे रूप बदलेल. ते मूळच्यापेक्षा लहान होईल, त्याला वेळही अधिक लागेल. पण ते पक्क्या पायावर उभे राहील.

घर बांधणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच कोरलेले नसते. सान्तो स्तेफानोच्या वेशीवर चिन्ह आहे ते गाव विकत घेणाऱ्या मेदिचींचे. दगड वाहणाऱ्यांचे आणि चुना विरवणाऱ्यांचे तेथे काहीच नाही. त्यांची आठवण उरली आहे ती भिंतींत. त्या भिंतींच्या आश्रयाने पुन्हा चूल पेटावी, दारात पोरे खेळावीत आणि सरकलेले कौल ज्याच्या नजरेला पडेल असा कोणीतरी घरात असावा, यापरते त्या अनाम हातांचे दुसरे स्मारक कोणते असणार?